सव्वीसाचा महिना

न्हाई, मला आधी एक सांगा, महिना किती दिवसाचा असतो? तीसाचा! बरं, एकतीसाचा धरा. फेब्रुवारी लईच कंजूस निघाला तर अठ्ठावीसाचा. पर सव्वीसाचा? सव्वीस दिवसाचा महिना तुमी कुठं बघितला? कोणत्या कॅलेंडरात? आमच्या घरात भिंतीवर कॅलेंडर हाय, ते बी कारखान्यानंच वाटलेलं, वर शेठचा फोटो, बाजूला हळदीचा ढीग, आन् खाली तीस दिवस बराबर छापलेले! म्हंजी वर्षभर भिंतीवर महिना तीसाचा, आन् माणूस नोकरी सोडून निघाला, त्याच्या हातावर पैसे ठेवायची वेळ आली, की महिना सव्वीसाचा! मंग तुमीच सांगा, कुठंतरी पाणी मुरतंय का न्हाई?

तुमाला सांगतो, मी संतराम, राहणार शिरड शहापूर. हिंगोली रोडच्या हळदीच्या कारखान्यात काट्यावर होतो. काट्यावर म्हंजी वजनाच्या काट्यावर. बावीस वर्षं आठ महिने! शेतकरी हळदीची पोती घेऊन आला की त्याला पहिला भेटणार मी. आधी काटा शून्यावर हाय का बघायचं, मंग पोतं चढवायचं, मंग आकडा, मंग बारदाना वजा... म्हंजी रिकाम्या पोत्याचं वजन कापायचं, राहील ती हळद. आता तिथं काय काय बघितलं म्हणता! कुणी पोत्यात खडे घालून राहिला, कुणी हळद भिजवून आणून राहिला, एक जण तर माझ्याशी गोड गोड बोलता बोलता काट्याच्या कडंला हळूच पाय टेकवून उभा! ज्यानं बावीस वर्षं हे बघितलं तो माणूस कुणावर इश्वास ठेवल का? गोजरबाई, म्हंजी आमचं कुटुंब, ती म्हणती, "आवं, तुमी देवळाच्या दारात बी परसाद हातावर वर-खाली करून बघता!" व्हय, बघतो. औंढ्याला नागनाथाच्या दारात बी बघतो. देवावर इश्वास हायच, पर पेढेवाल्यावर काहून ठेवू?

तर वय झालं अठ्ठावन्न, गुडघे बोलायला लागले, म्या म्हणलं बास आता. आन् शेठनं, विजयकुमार शेठनं, निरोप समारंभ ठेवला. माझा! शाल दिली, नारळ दिला, पेढ्याचा डबा दिला, आन् वरून हसला. आता हा माणूस बावीस वर्षांत हसलेला म्या बघितला न्हाई, हळदीचा भाव चढला तरी त्याच्या कपाळावर आठी, आन् त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "संतराम, तू म्हणजे आमच्या घरातला माणूस! तुझा सगळा हिशोब आम्ही व्यवस्थित करणार!" व्यवस्थित! हा शब्द ऐकला की मी आधी काटा बघतो. घरी येऊन आधी पेढ्याचा डबा वजन केला. वर छापलं होतं अर्धा किलो. भरला किती? चारशे ऐंशी! ते बी डबा धरून! म्या गोजरीला म्हणलं, बघ, बघ... सुरुवात झाली. कुठंतरी पाणी मुरतंय.

पर गोजरबाईचं ध्यान पेढ्यात न्हवतंच. तिचं ध्यान गिरणीत. सांगतो. आमच्या गावात जलालुद्दीनभाईची पिठाची गिरणी हाय, आज पंचवीस-तीस वर्षं चालू. जलालभाई आता लेकीकडं परभणीला जाऊन राहिला, म्हातारपण झालं, त्यानं गिरणी काढली इकायला. मोटर, जातं, पत्र्याचं शेड, सगळं धरून एक लाख सत्तर हजार. गोजरबाईनं ऐकलं मात्र, आन् तिच्या डोळ्यात अशी काही चमक आली की लग्नात बी आली न्हवती! तिचं बी बराबर हाय हो. जलमभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, दुसऱ्याच्या हळदी काढल्या, शिजवल्या, वाळवल्या, तिच्या नावावर काय? रेशनकार्डात माझ्या नावाखाली नाव, बास. मला म्हणली, "एक गोष्ट माझ्या नावाची व्हू द्या. मी काय सोनं मागून राहिले का? गिरणी मागून राहिले." म्या पाच हजार इसार दिला. जलालभाई म्हणला, "देखो संतरामभाई, जुमेरात तक बाकी पैसा. मला परभणीला घर घ्यायचं, हिंगोलीचं गिऱ्हाईक बी दारात उभं हाय. जुमेरातच्या पुढं माझी जबान न्हाई." जुमेरात म्हंजी गुरुवार. आन् हिनं काय केलं? पैसे यायच्या आधी पाटी रंगवून आणली! पिवळी पाटी, लाल अक्षरं, 'गोजरबाई पीठ गिरणी'. घरात दाराजवळ टेकवून ठेवली, आल्या-गेल्याला दाखवून राहिली. अन् मला मात्र ती पाटी बघितली की घाम फुटून राहिला.

तर सोमवारी गेलो कारखान्यात. हिशोबाला बसती प्रियंका म्याडम. गोरेगावची पोरगी हाय, एम कॉम झालेली, रोज जीपनं येती-जाती, बोलायला गोड. आता गोड बोलणारं माणूस... पर जाऊ द्या. तिनं कागद पुढं केला, म्हणली, "मामा, ही तुमची ग्रॅच्युइटी." म्या म्हणलं, हे काय असतंय? "मामा, पाच वर्षांच्या वर नोकरी झाली की जाताना मिळते. तुमच्या सेवेबद्दल." म्या म्हणलं, पगार तर दर महिन्याला घेतला, मंग हे कशाचं? "ते वेगळं, हे वेगळं." म्या म्हणलं, पीएफ? "ते आणखी वेगळं." म्हंजी वेगळं वेगळं करून एकाच माणसाला किती जण पैसे देऊन राहिले! आजपर्यंत कुणी मला चहा बी फुकट पाजला न्हाई, आन् आता जाऊन राहिलो तर हे! कुठंतरी पाणी मुरतंय, कुठंतरी पाणी मुरतंय... असं मनातल्या मनात म्हणत म्या चष्मा लावला आन् कागद वाचाया घेतला.

पहिली ओळ. शेवटचा पगार, तेरा हजार. बराबर. दुसरी ओळ. भागिले सव्वीस.

थांबलो! तिथंच थांबलो. खालचं वाचलंच न्हाई. तुमी म्हणताल खालचा आकडा तरी बघायचा. काहून बघायचा? काटाच शून्यावर नसंल तर वजन बघून काय करता? म्या कागद टेबलावर ठेवला आन् इचारलं, "म्याडम, महिना किती दिवसाचा?" ती म्हणली, "मामा, हिशोबात सव्वीस धरतात. चार रविवार सुटीचे सोडून." म्या म्हणलं, "रविवारचा पगार तुमी कापत होता का?" म्हणली, "नाही." "मंग आता काहून कापता? माझे चार दिवस कुठं गेले? बारदाना धरला का काय?" ती पोरगी हसायला लागली! "मामा, बारदाना नाही हो, उलट सव्वीसनं भागलं तर तुमचा फा..." म्या म्हणलं, थांबा! फायद्याचं नाव काढू नका! जो माणूस समोरच्याला तुमचा फायदा हाय, तुमचा फायदा हाय म्हणतो ना, त्याचं पोतं म्या दोनदा वजन करतो!

बरं, तेवढ्यावर भागलं असतं. खाली लिवलं होतं, दर वर्षाला पंधरा दिवसाचे पैसे, गुणिले तेवीस वर्षं. तेवीस? माझी झाली बावीस वर्षं आठ महिने! म्या म्हणलं, "हे चार महिने कुठून आणले?" म्हणली, "मामा, सहा महिन्यांच्या वर झालं की पूर्ण वर्ष धरतात, कायद्यानं." बघा! बघा कसं हाय! एका हातानं चार दिवस काढून घ्यायचे आन् दुसऱ्या हातानं चार महिने फुकट द्यायचे! शेतकरी असंच करतो, चार पोत्यांत खडे घालतो आन् पाचवं पोतं इतकं साफ देतो की तुमी त्याचं तोंडभर कौतुक करत बसता. म्या म्हणलं, म्याडम, जे चार महिने म्या केलेच न्हाईत ते मला नको, उद्या कुणी उठून म्हणंल संतराम काटेवाल्यानं खोटं वजन घेतलं. माझे तेवढे बावीस लिवा. आन् माझा महिना तीसाचा करा!

प्रियंका म्याडमचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणली, "मामा, हात जोडते. असं करू नका. तुमचंच नुकसान आहे. मी काकूंना फोनवर आकडा सांगितलाय." काकू म्हंजी गोजरबाई. म्हंजी माझ्या माघारी फोनाफोनी बी झाली होती! मंग तर माझी खात्रीच पटली. आन् मला एक सांगा, नुकसान माझं, तर तकलीफ हिला काहून?

उठलो, तडक शेठच्या केबिनमधी. म्हणलं, शेठ, मी अडाणी असंल, पर बावीस वर्षं तुमच्या काट्यावर उभा राहिलो, एक किलोचा फरक पडू दिला न्हाई. माझा महिना तीसाचा पाहिजे आन् वर्षं बावीसच पाहिजेत. शेठनं प्रियंकाकडं बघितलं. कागदाकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं. आन् काय सांगू तुमाला, हसला! निरोपाच्या दिवशी हसला होता ते काहीच न्हाई, आज कानापासून कानापर्यंत! "अरे संतराम, महिना तीसाचाच असतो, तुझं शंभर टक्के बरोबर! आणि फुकटचे चार महिने पण नको म्हणतोस? वा! असा माणूस आता सापडायचा नाही. फक्त एक कर, तुझ्या हातानं अर्ज लिहून दे, की माझ्या मर्जीनं तीसनं भागावं आणि बावीसनं गुणावं." खुर्ची दिली. पेन दिला. स्पेशल चहा मागवला, मलईचा!

आन् खरं सांगतो मंडळी, बावीस वर्षांत त्या एकाच दिवशी मला कुठं पाणी मुरल्यागत वाटलं न्हाई! असं वाटलं, जिंकलो! प्रियंका म्याडम दारात उभी राहून डोळ्यानं न्हाई न्हाई करून राहिली, म्या म्हणलं बघ, हिचा डाव फसला. अर्ज लिवला, सही केली, चेक घेतला, दोन घड्या केल्या, बंडीच्या आतल्या खिशात घातला. आकडा? न्हाई बघितला. भागाकार माझ्या मनासारखा झाला होता, आता आकडा काय कुठं पळून जातो?

घरी आलो. गोजरबाई चुलीपुढं भाकरी करून राहिली. म्या असा छाती काढून उभा राहिलो आन् सगळं सांगितलं. म्या असं म्हणलो, मंग ती असं म्हणली, मंग शेठ कसा गप झाला... आन् चेक तिच्या हातात दिला. तिनं चेक उजेडाला धरला. सातवी शिकलेली हाय ती. म्हणली, "आवं, हे एक लाख त्रेचाळीस हजार हाय." म्या म्हणलं, मंग! "म्याडमनं मला एक लाख बहात्तर हजार पाचशे सांगितले होते." म्या म्हणलं, ते सव्वीसाच्या महिन्याचे! त्यांनी चार दिवस खाल्ले होते, ते म्या परत आणले! तिनं टोपल्यातली एक भाकर घेतली. दोन तुकडे केले. दुसरी भाकर घेतली. तीन तुकडे केले. दोन्हीतला एक एक तुकडा माझ्या ताटात ठेवला आन् इचारलं, "मोठा कोणता?"

म्या चष्मा लावला.

"एक भाकर दोघांत वाटली तर तुकडा मोठा का तिघांत वाटली तर? तेरा हजाराची भाकर हाय. म्याडम ती सव्वीस जणांत वाटत होती. तुमी भांडून तीस जणांत वाटली. आन् असे पंधरा पंधरा तुकडे तेवीस वर्षांचे देत होती, तुमी बावीसचेच घेतले."

आता काय सांगू हो तुमाला... टनावारी हळद मोजली या डोळ्यांनी, आन् ताटातले दोन तुकडे दिसून बी मला आधी पटंना! म्या मोठा तुकडा हातात घेतला, वर-खाली केला... व्हय, मोठाच होता. साडेएकोणतीस हजार! माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं! आन् जलालभाईला द्यायचे होते एक लाख पासष्ट. बावीस हजार कमी, आन् तीन दिवसावर जुमेरात! ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या गोजरबाईचा आवाज निघाला तर पार शाळेपर्यंत जातो. पर ती ओरडली न्हाई. उठली, दाराजवळची पाटी उचलली, आन् भिंतीकडं तोंड करून उलटी ठेवली. मला लई वाईट वाटलं. इतकं वाईट मला माझा बाप गेला तवा वाटलं होतं.

बुधवारी सकाळी फोन वाजला. प्रियंका म्याडम. "मामा, तुमचा अर्ज चालत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क माणसानं लिहून सोडला तरी कायद्यानं सुटत नाही. जुना चेक घेऊन या, पूर्ण रक्कम आज खात्यात टाकते." आता बघा! माणूस पैसे नको म्हणून लिहून देतो, आन् हे मागं लागून घ्या घ्या म्हणून राहिले! म्या फोनवर हात ठेवला आन् गोजरीला म्हणलं, मला वाटतं कुठंतरी पा... पुढचं बोलूच दिलं न्हाई! फोन हिसकावला, "पोरी, आमी निघालोच!" आन् मला पायात चपला बी नीट घालू दिल्या न्हाईत.

तिथं गेल्यावर कळलं. ती पोरगी दोन दिवस शेठशी भांडून राहिली होती. शेठ म्हणत होता, "त्यानं लिहून दिलंय, तुला काय करायचंय?" ती म्हणत होती, "कागदावर सही माझी पण लागते, चुकीच्या हिशोबावर मी सही करत नाही, उद्या तपासणी आली तर उत्तर तुम्ही द्या." त्याच्या नोकरीत राहून त्याच्याच तोंडावर! आन् हिच्याबद्दल मी काय काय बोललो होतो... मला तिच्याकडं बघवंना. शेठ कागदावर सही करून राहिला होता, कपाळावर ही एवढी आठी, तोंड असं की कुणी एरंडेल पाजलं. आन् तुमाला सांगतो, शेठ हसला न्हाई ना, तवा मला पटलं की हे पैसे बराबर हायेत! म्या म्हणलं, म्याडम, चुकलो. ती म्हणली, "मामा, खालचा आकडा तरी बघा आता." बघितला. एक लाख बहात्तर हजार पाचशे. आन् गोजरबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

जुमेरातला जलालभाईला पैसे दिले. त्यानं तीनदा मोजले, म्या मधी बोललो न्हाई, मला तर उलट लई आवडलं. पाटी लागली. गोजरबाई नवं लुगडं नेसून पहिल्या दिवशी चक्कीचा खटका दाबायला उभी राहिली, आन् मी कुठं? मी काट्यावर! दळण मोजून घ्यायचं, दळून झालं की पीठ मोजून द्यायचं. आता तुमाला ठाऊकच हाय, दळणात घट असती. पाच किलो जवारी टाकली तर साठ-सत्तर ग्राम जात्याला चिकटतंय, हवंत उडतंय, ते कुणाच्या बापाला सुटत न्हाई. पर म्या ठरवलं, संतरामच्या काट्याकडं कुणी बोट दाखवायचं न्हाई! पहिलंच गिऱ्हाईक आलं जनकाबाई, आमच्याच गल्लीतली. पाच किलो जवारी. दळली. भरली चार किलो नऊशे तीस. म्या गुपचूप आमच्या घरच्या पिठातलं सत्तर ग्राम तिच्या डब्यात टाकलं, काटा दाखवला, म्हणलं बघ बाई, पाचला पाच!

जनकाबाईनं काट्याकडं बघितलं. डब्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. म्हणली, "दादा, जलालभाईकडं दर वक्ताला घटायचं. तुझ्याकडं घटलं काहून न्हाई?" म्या म्हणलं, बाई, तुझा फायदाच झाला ना! "फायदा? माझा फायदा करून तुला काय भेटून राहिलं? काय मिसळलंस?" आन् लागली की चार बायकांना बोलवायला! शेवटी सांगावं लागलं, की बाई, घरचं टाकलंय, मनानं टाकलंय. "मनानं?" म्हणली, "मनानं कोण देतंय?" आन् डब्यात हात घातला, मूठभर पीठ काढून माझ्या काट्यावर आपटलं, "तुझं तुला! मला माझ्या जवारीचं पाहिजे!" आन् गेली तरातरा.

गोजरबाई तिकडं पदर तोंडाला लावून हसून हसून खाली बसली. मी आकडा बघितला. सत्तर ग्राम टाकलं होतं, परत आलं पन्नास.

जाऊ द्या म्हणलं... वीस ग्राम घट धरली.